सरासरीचे वाण आणि वावराचे वाण

नागपूरहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गाला वणीकडचा फाटा जिथे फुटतो, त्या माजरी जंक्शनच्या भोवती, एका अंगाला वर्धा नदी आणि दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खुल्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर, अशा बेचक्यात जी काळी, खोल आणि चिकट जमीन शिल्लक राहिली आहे, तिच्यावर गेल्या तीन दशकांत सोयाबीनने आपले बस्तान बसविले. याच चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड आणि ब्रह्मपुरी हे तालुके, मालगुजारांनी बांधविलेल्या तलावांच्या आधारावर भात पिकवितो आणि त्याच्या पलीकडे गडचिरोलीचे अरण्य सुरू होते. पश्चिमेचा वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा टापू मात्र कपाशी, तूर आणि सोयाबीन यांचा. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली पिकांचे असे दोन निराळे मुलूख नांदत असल्यामुळे ‘सर्वत्र चालणारे वाण’ ही कल्पना इथल्या माणसाच्या गळी सहजासहजी उतरत नाही. ती का उतरत नाही आणि तरीही तिच्यात तथ्य किती, हे ज्या दोन गृहस्थांच्या वादामुळे मला समजले, तो वाद येथे लिहून काढीत आहे.

त्यांपैकी एक प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन वडिलोपार्जित शेत कसणारे कास्तकार. त्यांना सारा गाव ‘गुरुजी’ म्हणतो. दुसरे सोयाबीनच्या पैदाशीत हयात घालविलेले शास्त्रज्ञ, वयाने गुरुजींपेक्षा लहान. पीक सोंगणीला येण्याच्या सुमारास आम्ही तिघे गुरुजींच्या धुऱ्यावर बसलो होतो. समोरचे वावर दोन रंगांचे दिसत होते: उंचवट्यावरचे पीक शेंगांनी लगडलेले, आणि नाल्याकडच्या खोलगट भागातले खुरटलेले, अकाली पिवळे पडलेले.

“डॉक्टरसाहेब,” गुरुजींनीच आरंभ केला, “तुमच्या पुस्तिकेत या वाणाचे उत्पादन हेक्टरी २५ ते ३० क्विंटल, म्हणजे एकरी दहा ते बारा, असे छापलेले आहे. वरच्या तुकड्यात मला एकरी आठ होतील. खालच्या तुकड्यात तीन झाले तरी मी देवाचे आभार मानीन. देशाची सरासरी वर्षानुवर्षे हेक्टरी एक टनाच्या आसपास घुटमळते, असेही तुम्हीच सांगता. मग तो पुस्तिकेतला आकडा कोणाच्या वावरातला?”

“तो कोणा एकाच्या वावरातला नाही,” डॉक्टर म्हणाले, “आणि तसा नाही म्हणूनच तो विश्वासार्ह आहे, असे आम्ही समजतो. सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६७ साली सुरू झाला. तेव्हापासूनची रीत अशी की, एखाद्या केंद्रात तयार झालेली ओळ, म्हणजे अजून शिफारस न झालेले नवे वाण, आधी प्राथमिक चाचणीत आणि मग प्रगत चाचणीत, अशी तीन वर्षे अनेक ठिकाणी, प्रचलित वाणाच्या शेजारी पेरायची. सगळीकडे मिळून ती त्या वाणापेक्षा सरस ठरली तरच तिची शिफारस करायची. एकाच प्रक्षेत्रावर चमकणारे वाण आम्ही किती टाकून दिले असतील याची गणती नाही. आणि गुरुजी, जे वाण तुमच्या वडीलभावासारखे या भागात राहिले, ते जेएस ३३५, ते कुठले? जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे, १९९४ सालचे, मध्य प्रदेशात निपजलेले. विदर्भासाठी म्हणून ते कोणी मुद्दाम घडविले नव्हते. तरी ते माजरीत चालले, वाशीमला चालले, लातूरलाही चालले. सर्वत्र चालणे ही कल्पना खोटी असती, तर हा इतिहास घडलाच नसता.”

गुरुजींनी मान हलविली. जेएस ३३५ विषयी या भागातला कास्तकार अजूनही आदरानेच बोलतो. पंचाण्णव-शंभर दिवसांत हाती येणाऱ्या त्या पिकामागून चना पेरता येऊ लागला आणि एका खरिपावर तगणाऱ्या घरात दुसरे पीक आले, हे तो विसरलेला नाही.

“पण चालणे म्हणजे काय, हे एकदा ठरवू या,” गुरुजी म्हणाले. “सोयाबीन मुळात प्रदेशाचा हट्ट धरणारे पीक आहे, असे तुम्हीच मागे सांगितले होते.”

डॉक्टरांचा चेहरा खुलला, कारण हा त्यांच्या आवडीचा विषय. “हट्टी खरेच. रात्र किती लांब आहे हे ते मोजते. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी बिलॉक्सी नावाचे सोयाबीन थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरले. पेरण्या महिनोन्‌महिने मागेपुढे, तरी फुले मात्र सगळ्यांना जवळजवळ एकाच वेळी, सप्टेंबरात. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि दिवसमानाचा वनस्पतींच्या फुलण्याशी असलेला संबंध जगाला कळला. इलिनॉय चाळीस अंश अक्षांशावर. तिथे जूनचा दिवस पंधरा तासांचा. आपण वीस अंशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. तिकडचे उत्तरेचे वाण इथे पेरले की त्याला पहिल्या दिवसापासून रात्र मोठीच भासते. झाड वीतभर होते न होते तोच ते फुलावर येते, आणि ज्याला अंगच नाही त्याला शेंगा किती धरणार? म्हणून १९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथे इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने काम सुरू झाले, तेव्हा टिकले ते ब्रॅगसारखे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे वाण. मध्य भारतात पूर्वापार चालत आलेले काळ्या दाण्याचे ‘काळीतूर’ सोयाबीन होते, त्याची घडणही याच अक्षांशाची. फुलण्याची वेळ ठरविणारी जी थोडी जनुके आहेत त्यांची जुळणी बदलली, की तेच पीक कॅनडात पिकते आणि विषुववृत्ताजवळ ब्राझीलमध्येही. तेव्हा प्रदेशाचा हट्ट आहे, पण तो पैदाशीने मोडता येतो.”

“दिवसाचा हट्ट मोडलात,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पण दिवस दरवर्षी तेवढाच असतो, पंचांगाप्रमाणे येतो आणि जातो. माझे दुखणे पावसाचे आहे, आणि तो पंचांग पाळीत नाही.”

माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवसाच्या साऱ्या बोलण्याचा कणा या एका वाक्यात होता. सोयाबीनच्या बाबतीत स्थळागणिक जे बदलते ते पुष्कळसे ठाऊक असते आणि म्हणून त्यासाठी वाण घडविता येते; वर्षागणिक जे बदलते ते पेरणीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. डॉक्टरांनीही ते ओळखले आणि आपल्या शास्त्राची बाजू अधिक नेटाने मांडली.

“उत्पादनाचे स्थैर्य कसे मोजायचे यावर आमच्यात पुष्कळ विचार झाला आहे, गुरुजी. ऑस्ट्रेलियातले फिन्ले आणि विल्किन्सन यांनी १९६३ साली सातूच्या शेकडो वाणांवर एक रीत बसविली. प्रत्येक ठिकाणी त्या वर्षी सगळ्या वाणांचे मिळून सरासरी उत्पादन किती, यावरून ते ठिकाण गरीब की सधन हे ठरवायचे. मग एकेक वाण गरीब ठिकाणाकडून सधन ठिकाणाकडे जाताना किती चढते ते पाहायचे. तीन वर्षांनी एबरहार्ट आणि रसेल यांनी मक्यासाठी त्यात भर घातली: चढ तर पाहाच, पण त्या चढाच्या रेषेवरून वाण किती भरकटते तेही पाहा. ज्याची सरासरी मोठी, ज्याचा चढ एकाच्या आसपास आणि ज्याचे भरकटणे नगण्य, ते वाण स्थिर.”

“म्हणजे सगळे बुडाले की तेही बुडणार, फक्त बेताने बुडणार,” गुरुजी म्हणाले. “आता माझा हिशेब ऐका. समजा, एका वाणाने तीन वर्षांत मला एकरी अकरा, दहा आणि तीन क्विंटल दिले. दुसऱ्याने आठ, आठ आणि सात. पहिल्याची बेरीज चोवीस, दुसऱ्याची तेवीस. तुम्ही पहिल्याची शिफारस कराल. मी मात्र दुसरे पेरीन, कारण तीन क्विंटलच्या वर्षी बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांचा खर्चसुद्धा निघत नाही. सोसायटीचे कर्ज थकते, थकीत खातेदाराला पुढच्या खरिपात नवे कर्ज मिळत नाही, आणि मग अकरा क्विंटलचे वर्ष आले तरी त्या वर्षी पेरायला माझ्याजवळ काही उरलेले नसते. तुमच्या बेरजेत वाईट वर्ष आणि चांगले वर्ष यांचे वजन सारखे. माझ्या घरात ते सारखे नाही.”

डॉक्टर काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे खरे आहे, आणि शास्त्रात त्याला जागाही आहे. चढ कमी आणि तळ उंच असे वाण निवडता येते. पण त्यातला धोकाही सांगतो. ज्याचा चढ शून्य ते वाण सर्वांत ‘स्थिर’ असते, आणि बहुधा सर्वत्र सारखेच कमी पिकते. पाऊस मनासारखा झाला त्या वर्षीही ते हात आखडून बसते. अशा स्थैर्याने शेतकरी बुडत नाही, तसा वरही येत नाही.”

“मी शून्य चढ मागत नाही. मी तळ मागतो.”

“तो शोधण्यासाठीच आम्ही अनेक ठिकाणी पेरतो. एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या वावरात तीस वर्षांत जेवढे तऱ्हेतऱ्हेचे पावसाळे येतील, त्यांची वाट पाहत बसलो तर वाण निघण्यापूर्वी मी निवृत्त होईन. माझ्या हाती तीन वर्षे आहेत; म्हणून काळाची उणीव मी स्थळांनी भरून काढतो. यंदा अमरावतीला ओढ बसली असेल, इंदूरला अतिवृष्टी झाली असेल, परभणीला शेंगा भरताना पाणी मिळाले नसेल. उद्या ही तिन्ही वर्षे तुमच्या माजरीला येणारच आहेत. म्हणून सर्वत्र टिकणारे वाण ते एका ठिकाणी सर्व वर्षे टिकणारे, असा आमचा कयास.”

हा युक्तिवाद मला फार बळकट वाटला आणि आजही वाटतो. हवामान जसजसे लहरी होत जाईल तसतशी त्याची किंमत वाढेल, कारण ज्या गावाचा पाऊस आजवर एका साच्याचा होता, त्या गावाला पुढे अनेक गावांचे पाऊस पाहावे लागतील. परंतु गुरुजींनी त्याला जे उत्तर दिले, ते मला त्याहून वजनदार वाटले.

ते उठले, आम्हाला खोलगट तुकड्यात घेऊन गेले आणि एक झाड मुळासकट उपटून डॉक्टरांच्या हातात दिले. मुळावर गाठी होत्या. पण तुरळक आणि बारीक. गुरुजींनी एक नखाने फोडली. आत निरोगी गाठीत असतो तो लालसर रंग नव्हता. मातकट, हिरवट असा काही होता. “हवेतला नत्र पकडणाऱ्या गाठी या. जुलैत झड लागली, दहा दिवस वापसा आला नाही, मुळांना हवा मिळाली नाही आणि यांनी काम सोडले. नंतर ऊन पडले, पण झाड सावरले नाही. ही चिबड जमीन आहे, डॉक्टरसाहेब. इंदूरचा अतिवृष्टीचा आकडा आणि माझा आकडा कागदावर एक असेल. तिथले पाणी दोन दिवसांत ओसरत असेल, माझे नदीच्या पातळीवर अवलंबून. पाऊस सगळीकडे फिरतो हे कबूल. जमीन फिरत नाही. तेव्हा दुसऱ्याची ठिकाणे माझी वर्षे होऊ शकतील ती पावसापुरती; या मातीपुरती होणार नाहीत. आमच्याकडे पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, मौज्याची निघते. मौज्याची पैसेवारी पन्नासच्या वर गेली की माझ्या बुडालेल्या वावराचे पाणी सरकारदप्तरी कोरडे होते. तुमची सरासरी मला तशीच भासते.”

“म्हणून प्रत्येक मौज्याला वेगळे वाण द्यायचे?” डॉक्टरांनी विचारले, आणि त्यांच्या स्वरात प्रथमच किंचित अधीरता आली. “एक वाण तयार व्हायला काय लागते ते पाहा.” बांधाच्या कडेला उशिरा उगवलेल्या एका झाडाला अजून कळ्या होत्या. डॉक्टरांनी एक खुडून तळहातावर ठेवली. ती भाताच्या दाण्याएवढीही नव्हती. “सोयाबीनचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत फळते. म्हणून आदल्या दिवशी, पाकळ्यांचे टोक नुकते दिसू लागले असताना, चिमट्याने निदले आणि पाकळ्या काढायच्या, आतले दहाही पुंकेसर उचलायचे, आणि कुक्षीला धक्का न लावता दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावायचे. बहुतेक कळ्या गळून पडतात. एखादी टिकली तर शेंगेत दोन-तीन दाणे. संकर साधला की नाही हे पाहण्यासाठी मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा घ्यायचा. पुढच्या पिढीत फूल जांभळे आले तर श्रम सार्थकी लागले. तिथून सहा-सात पिढ्या निवड, मग केंद्रावरच्या चाचण्या, मग तीन वर्षे देशभर. दहा-बारा वर्षे सहज जातात. आणि बीज? पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी ते वाढवायचे. एकरी तीस किलो पेरून आठ क्विंटल येणार. ज्वारीसारखे मूठभर पेरून पोतीच्या पोती काढावी असे हे पीक नव्हे. महाबीजने, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाने, शंभर मौज्यांची शंभर वाणे कशी सांभाळावी?”

ही अडचण खरी होती आणि गुरुजींनी ती खरी मानली. “मौज्यागणिक मागत नाही. जमिनीच्या जातीगणिक मागतो. आमच्या नागभीडच्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. पटेल-३ या धानात त्यांना निराळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. २०१८ साली ते गेले. त्यांचा तांदूळ देशभर शिजतो. त्यांच्याजवळ प्रक्षेत्र नव्हते. पण ज्या बांधीत धान पिकवायचे त्याच बांधीत त्यांनी ते निवडले. धानासारखे सोयाबीनही स्वतःच फळते, बी शुद्ध राहते. मग निवडीची एक तरी पायरी माझ्यासारख्याच्या चिबड वावरात का नसावी?”

“दादाजींनी मोठे काम केले,” डॉक्टर म्हणाले. “पण एका वावरात डोळ्यांनी निवडताना, झाड चांगले म्हणून चांगले की जागा चांगली म्हणून, हे ओळखणे दुरापास्त असते. तरी तुमचे निम्मे म्हणणे मला मान्य करावे लागेल. आमचे विभाग राज्यांच्या आणि त्यांतल्या प्रांतांच्या सीमांवरून आखलेले आहेत. विदर्भ आणि मराठवाडा हे मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात यांच्यासोबत मध्य विभागात. पश्चिम महाराष्ट्र दक्षिण विभागात. माळव्याचे पठार आणि वर्धा नदीकाठ एका चौकटीत बसले, ते नकाशाच्या सोयीने. आणि शेतकऱ्यांनी ती चौकट केव्हाच ओलांडली आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला निघालेले फुले संगम कृष्णाकाठच्या तांबेऱ्याशी झुंजण्यासाठी. आज ते मराठवाड्यात आणि विदर्भात पेरले जाते.”

“इथे तांबेरा नाही,” गुरुजी म्हणाले. “इथे मोझॅक आहे.”

२०२३ च्या खरिपाची आठवण निघाली. शेंगा भरण्याच्या ऐन वेळी या जिल्ह्यातली सोयाबीनची शेते पिवळ्या मोझॅकने आणि मूळकुजीने पिवळी पडली होती, आणि पंचनाम्यांसाठी तलाठ्यांची धावपळ झाली होती. पांढरी माशी मोझॅकचा विषाणू झाडाझाडांवर वाहून नेते. आणि तिला मैलोन्‌मैल एकाच रक्ताची झाडे मिळाली तर तिचे काम सोपे होते. व्यापक वाणाच्या यशातच हा धोका दडलेला असतो, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. जेएस ३३५ सर्वत्र चालले, म्हणून ते सर्वत्र पेरले गेले. आणि ज्या रोगाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते, तो रोगही मग सर्वत्र चालला. पुढे मोझॅकला दाद न देणारी म्हणून जेएस २०-२९ सारखी वाणे प्रसारित झाली, अमरावतीच्या केंद्रातून सुवर्ण सोया, यलो गोल्ड, पीडीकेव्ही अंबा अशी वाणे निघाली. परंतु त्यांपैकी एखादेच गाजून पुन्हा सगळीकडे तेच झाले, तर नवे उत्तर जुना प्रश्न घेऊनच येईल. स्थैर्य एका वाणाच्या अंगचे असते तसेच ते अनेक वाणांच्या शेजाराचेही असते, असे मला वाटते. पैदाशीच्या ग्रंथांत पहिल्याचा विचार जितका बारकाईने झाला, तितका दुसऱ्याचा गावाच्या पातळीवर झालेला नाही.

बियाण्याचा विषय ओघाने आला. २०१९ च्या ऑक्टोबरात सोंगलेल्या सुड्या पावसात भिजल्या आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर बियाणे उगवले नाही म्हणून ओरड झाली, ती दोघांनाही चांगली स्मरत होती. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ. पोते उंचावरून आदळले तरी अंकुर दुखावतो. गुरुजी दर मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळून, पाणी शिंपडून ठेवतात आणि मोजतात. सत्तरांच्या खाली उगवले तर ते बी पेरीत नाहीत. वाण कितीही स्थिर असो, गोणपाटाची परीक्षा ते कोणालाही माफ करीत नाहीत.

उन्हे कलू लागली तेव्हा डॉक्टरांनी सरळ विचारले, “हा खालचा तुकडा पुढल्या खरिपात चाचणीला द्याल?”

“देईन. अटी सांगा.”

“सात-आठ ओळी, शेजारी तुमच्या पसंतीचे वाण. प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्ती, कुठे काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चांगल्या जागेवर आवडते वाण टाकायचे नाही. सगळी पेरणी एकाच दिवशी, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या तासांवर. निम्म्या भागात रुंद सरी-वरंबा, निम्म्यात तुमची नेहमीची पद्धत, म्हणजे निचऱ्याचा गुण कोणता आणि वाणाचा कोणता ते वेगळे दिसेल. सोंगणीनंतर एकेक तुकडा स्वतंत्र मळायचा आणि तोलायचा. आणि एखाद्या वर्षी सगळेच बुडाले तर वखर फिरवून मोकळे व्हायचे नाही. जे दोन किलो निघतील तेही तोलायचे.”

“बुडालेले तर आधी तोलायचे,” गुरुजी म्हणाले. “आता माझ्या अटी. या वावराचा आकडा इतर ठिकाणांच्या सरासरीत जरूर मिसळा, पण त्याच्या आधी तो वेगळा छापा, ‘चिबड काळी जमीन’ असे वर लिहून, म्हणजे वर्धेपासून राजुऱ्यापर्यंत नदीकाठच्या कास्तकाराला स्वतःचे वावर त्यात सापडेल. आणि तीन वर्षांनी उठून जाऊ नका.”

“किती वर्षे म्हणता?”

“निदान दोन झडी आणि एक उघडीप पाहीपर्यंत.”

डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि तुकड्याची लांबी-रुंदी विचारली. गुरुजींनी पावलांनी मोजायला सुरुवात केली, नाल्याच्या बाजूने, जिथे पाणी सर्वांत जास्त दिवस थांबते तिथून.